पिनरचं म्यान

माझी नोकरी अठराव्या शतकात होती. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच, मधे जेवणाची सुट्टी, आणि बाकीचा वेळ गुडघे साथ देतील तितकं उभं राहायचं. लंडनमधल्या एका म्युझियमच्या दुसऱ्या मजल्यावर एका दालनाची मी राखणदार होते. कागदोपत्री हुद्दा 'गॅलरी असिस्टंट'. आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, "ही म्युझियममध्ये असते," आणि ऐकणाऱ्याची समजूत व्हायची की बाई काहीतरी संशोधन करतात. मी ती समजूत कधी मोडली नाही. आता निवृत्त झाल्यावर दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून गळ घातली आहे, तेव्हा खरं काय ते सांगून टाकते.

दालनात हिंदुस्थानातली सतराशे सत्तर ते अठराशे ही वर्षं कोंबून बसवली होती. एका भिंतीवर कंपनी सरकारचे लाल डगलेवाले अंमलदार, एका कोपऱ्यात टिपूच्या राज्यातून आलेल्या वस्तू, मधल्या काचेच्या कपाटांत हत्यारं. दाराच्या डाव्या हाताला नाना फडणवीसांचं चित्र, मूळ नव्हे, कुणीतरी मागाहून केलेली नक्कल. उजव्या हाताला महादजी शिंदे. हयातीत दोघांचं एकमेकांवाचून चाललं नाही आणि एकमेकांशी फारसं पटलंही नाही. आमच्याकडे ते दिवसभर समोरासमोर, आणि मधे खुर्ची टाकून मी. पुण्यात ज्यांच्यासमोर मान वर करायची माझ्या घराण्यात कुणाची छाती झाली नसती, त्यांच्या शेजारी बसून मी दुपारी खोकल्याची गोळी चघळायचे.

या कामाबद्दल बाहेरच्यांना फार कमी माहिती असते. लोकांना वाटतं, आम्ही वस्तूंकडे बघतो. आम्ही वस्तूंकडे कधीच बघत नाही; आम्ही माणसांकडे बघतो. माणूस काचेला हात लावणार हे त्याच्या हातावरून कळत नाही, खांद्यावरून कळतं. खांदा पुढे झुकला की आपण दोन पावलं पुढे व्हायचं, बोलायचं काही नाही. बहुतेक माणसं तेवढ्यानेच सरळ होतात. कंबरेला वॉकीटॉकीसारखा रेडिओ, पायांत मऊ तळाचे बूट. पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं: आत खाणं नाही, पाणी नाही, फूल नाही, पान नाही. पानाफुलांतून कीड येते आणि कीड शंभर वर्षांचं लाकूड एका हंगामात खाते. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे स्वतः कशालाही हात लावायचा नाही. इतकी वर्षं मी त्या तलवारींची राखण केली, एकीलाही कधी बोट लागलं नाही. खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं पूजतात. सुताराची करवत असते, शिंप्याची कात्री असते, आमच्या ह्यांचा कॉम्प्युटरसुद्धा हळदकुंकू लावून घ्यायचा. मी माझ्या नोकरीतलं काय पुजणार? रेडिओ रोज संध्याकाळी परत द्यावा लागायचा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गोऱ्या आजीबाई होत्या, त्यांचे कोणी पूर्वज कंपनीच्या फौजेत कर्नल होते. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, माझा हात हातात घेतला आणि झाल्या प्रकाराबद्दल माझी माफी मागितली. सगळ्या हिंदुस्थानाची माफी, एकट्या माझ्याकडे, आणि तीही मी ड्युटीवर असताना. मी म्हटलं, "दॅट्स ऑल राइट, मॅडम," आणि त्यांना लिफ्ट दाखवली. शाळेची पोरं यायची, त्यांना पात्यावर रक्त अजून आहे का एवढंच हवं असायचं. आणि आपली माणसं यायची. पुण्या-मुंबईहून फिरायला आलेली, नाहीतर इथेच हॅरोला, वेम्बलीला राहणारी. नानांना हात जोडायची, फोटो काढता येत नाही म्हणून माझ्याशी वाद घालायची, आणि जाताना त्यांतला एक तरी जण ठरलेलं वाक्य बोलायचा: "इंग्रजांनी नेलं म्हणून राहिलं हो. आपल्याकडे असतं तर केव्हाच मोडीत गेलं असतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे बोलणाऱ्याचं तोंड उघडायच्या आत मला ते ऐकू यायचं. तेव्हा मला त्याचा राग यायचा नाही. खरंच असेल, असं वाटायचं.

आबा काटकर मला भेटले ते बुटांमुळे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. शरद ऋतूतली सकाळ, दालनात चिटपाखरू नाही, आणि मधल्या कपाटासमोर एक म्हातारा गृहस्थ कोट-टाय घालून, बूट काढून, मोज्यांवर उभा. डोळे मिटलेले. आमच्याकडे अनवाणी उभं राहणं सुरक्षेच्या नियमात बसत नाही. मी दोन पावलं पुढे झाले, माणूस सरळ होईना. मग चेहरा बघितला आणि सरळ मराठीतच म्हटलं, "अहो, बूट घाला बरं. इथे चालत नाही."

त्यांनी डोळे उघडले. मी मराठी बोलले याचं आश्चर्यही दाखवलं नाही. म्हणाले, "आज खंडेनवमी आहे, बाई. एवढं होऊ द्या."

मी होऊ दिलं.

कपाटात एक धोप होती. धोप म्हणजे सरळ, लांब पात्याची तलवार. मुठीवर चांदीने बेलाचं त्रिदळ कोरलेलं, त्यातल्या उजव्या पानाचं टोक उडालेलं. पाटीवर लिहिलं होतं: 'तलवार, मराठा, अठराव्या शतकाची अखेर. म्यान उपलब्ध नाही.' आबा म्हणाले, "म्यान आहे. पिनरला माझ्या घरी आहे." पिनर म्हणजे लंडनच्या कडेचं एक उपनगर.

त्यांची हकीकत त्यांनी मला तुकड्यातुकड्याने सांगितली, काही त्या दिवशी, काही पुढच्या वर्षी. साताऱ्याकडचं घराणं. सतराशे एक्याऐंशीत जनरल गॉडर्डची फौज बोरघाटाखालून पनवेलकडे माघारी निघाली आणि हरिपंत फडक्यांच्या आणि इतर सरदारांच्या फौजांनी तिला वाटभर झोडपलं, हे इतिहासात आहे. त्या झोडपणाऱ्यांत आबांचे पूर्वज होते. ते तिथे पडले. प्रेत घरी आलं तेव्हा कंबरेला म्यान होतं, तलवार नव्हती. कोणीतरी साहेबाने उचलली असावी. "लढाई आपण जिंकली, बाई," आबा म्हणायचे, "आणि तलवार त्यांनी नेली." हे ते इतक्या शांतपणे सांगायचे, जणू शेजाऱ्याने छत्री नेली आणि परत करायला विसरला.

तेव्हापासून काटकरांकडे खंडेनवमीला पाटावर रिकामं म्यान मांडतात. बाकीच्या घरांतून तलवार पुजतात, हे म्यान पुजतात. आबा साठच्या दशकात इकडे आले, बसगाड्यांच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक म्हणून सगळी हयात घालवली. गावाकडचे थोरले भाऊ निपुत्रिक वारले तेव्हा म्यान आबांकडे आलं. बायको गेलेली, एकच मुलगी, वैशाली, ती लंडनमध्येच, एजवेअरला. मुलीला या प्रकाराचं काही कौतुक नव्हतं आणि तिचा दोषही नव्हता. आबांना हृदयाचा त्रास होता आणि आपल्यामागे पाट मांडला जाणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्यांचं एकच मागणं होतं. तलवार परत नको होती. "माझ्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवू? कौन्सिलची माणसं गॅस बघायला येतात, घाबरतील," म्हणाले. "एकदा, एका खंडेनवमीला, तिला म्यानात जाऊ दे. घरी गेल्यासारखं होईल तिला. एवढं झालं की मी सुटलो. मग म्यान कुणाला का जाईना."

सव्वादोनशे वर्षं एक घर एक रिकामी जागा पुजत आलं होतं, आणि ती भरायला मधे फक्त एक काच होती. माझ्या कामात मी लोकांना काचेपासून लांब ठेवत आले. या माणसाला जवळ न्यावं असं मला मनापासून वाटलं.

आमच्या दालनाचे क्युरेटर होते मार्टिन. क्युरेटर म्हणजे वस्तूंचा अभ्यास करणारा, त्यांची पाटी लिहिणारा अधिकारी. चांगला माणूस, पानिपतची तारीख माझ्याआधी सांगणारा. मी त्याला गाठून सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. म्यान जुळलं तर तलवार कुणाची, कुठली, हे पक्कं होणार होतं. पण वस्तूंची डागडुजी बघणारी हेलन कपाळाला आठ्या घालून बसली. जुनं लोखंड, जुनं लाकूड, उगीच कशाला एकमेकांत घालायचं, असं तिचं म्हणणं. मीटिंगा झाल्या, अर्ज झाले, अर्जांवर मीटिंगा झाल्या. दोन खंडेनवम्या अशाच गेल्या. दोन्ही वेळा आबा आले, बूट काढले, उभे राहिले. शेवटी ठरलं: दालन उघडायच्या आधी, सकाळी, खालच्या वर्कशॉपमध्ये. दिवस खंडेनवमीचाच. हळदकुंकू नाही, पाणी नाही, निरांजन नाही. एक झेंडूचं फूल, तेही वेगळ्या टेबलावर.

आबा म्हणाले, "फूल चालतंय म्हणतायत? मग झालं की."

त्या सकाळी मी वेम्बली पार्कला मेट्रोपॉलिटन लाइनवर त्यांच्या डब्यात चढले. मांडीवर लांबलचक गाठोडं, बायकोच्या जुन्या पैठणीत गुंडाळलेलं. लंडनमध्ये गाड्यांत बाँब फुटल्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. आपल्या रंगाच्या माणसाकडे साधी बॅग असली तरी डबा टक लावून बघायचा. उतरलो तर फाटकाशी पोलीस उभे. त्यांनी गाठोडं सोडायला लावलं. आबांनी पदर बाजूला केला. आतून काळवंडलेल्या कातड्याचं, तोंडाशी चांदीची पट्टी असलेलं म्यान निघालं. चांदीवर बेलाचं त्रिदळ. पोलिसाने आत डोकावून बघितलं, हलवून बघितलं, आणि विचारलं, "रिकामं आहे ना?"

"रिकामंच आहे," आबा इंग्रजीत म्हणाले. "टुडे ओन्ली."

वर्कशॉपमध्ये पांढऱ्या फोमवर धोप ठेवली होती. तिच्या शेजारी म्यान ठेवलं. मुठीवरच्या पानाचं उडालेलं टोक आणि म्यानाच्या पट्टीवरच्या पानाचं उडालेलं टोक एकाच बाजूला, एकाच तऱ्हेचं. म्यानात असतानाच कधीतरी एकच घाव दोन्हींवरून गेला असणार. मार्टिन हळूच म्हणाला, "ओह, माय वर्ड."

त्याने हातमोजे चढवले. हेलनने म्यान दोन्ही हातांनी धरलं. पातं आत जायला लागलं तेव्हा एक बारीक आवाज झाला, धान्याच्या पोत्यात हात घातल्यासारखा. मला तेव्हाच कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल; पण मी आयुष्यात कधी तलवार म्यानात जाताना ऐकली नव्हती, मला काय कळणार? पातं गेलं, गेलं, आणि मूठ म्यानाच्या तोंडापासून दोन बोटं वर थांबली.

आबा म्हणाले, "अजून थोडं राहिलं."

मार्टिनने माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं. त्याने मुठीवर तळवा ठेवून जरासा दाब दिला. टक् असा आवाज झाला आणि मूठ म्यानाला जाऊन भिडली. दोन्ही त्रिदळं एकाखाली एक आली.

आबांनी हात जोडले. त्यांचा चेहरा मी इथे लिहू शकत नाही. इतकंच सांगते की दुसऱ्या टेबलावर फूल ठेवायला गेले तेव्हा त्यांना टेबल दिसत नव्हतं, मी त्यांचा हात धरून नेलं. मग ते म्हणाले, "पुजलेलं हत्यार त्याच दिवशी उचलत नाहीत, बाई. उद्या दसऱ्याला काढतात. या लोकांना सांगा, रात्रभर असू द्या म्हणावं."

मार्टिन म्हणाला, "का नाही? एक रात्र." इतकी चांगली माणसं होती ती सगळी.

दसऱ्याच्या सकाळी हेलनने मूठ धरली आणि ओढली. तलवार आली नाही. तिने थोडा जोर केला, लाकूड करकरलं, तिने हात काढून घेतला. मार्टिनला बोलावलं. मार्टिनने बघितलं आणि म्हणाला, "नको. एक्स-रे काढू."

एक्स-रेच्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं. पडद्यावर म्यान दिसत होतं, आत पातं, आणि पात्याच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना, काहीतरी गच्च भरलेलं. बारीक, लांबट ठिपके, थरांवर थर, आणि मधे मधे दुमडलेल्या कागदासारख्या रेघा. हेलनने विचारलं, "हे काय आहे? बिया?"

मी ओळखलं. तांदूळ होते.

संध्याकाळी पिनरला गेले. आबा चहा करत होते. मी विचारलं, "आबा, तुम्ही म्यानात काही घालत होता का?"

"म्हणजे काय? घालतातच," ते म्हणाले. "खंडेनवमीला चिमूटभर अक्षता. दसऱ्याला आपट्याचं पान. इथे आपटा कुठला, गावाहून वाळवलेली पानं मागवायचो. माझ्या बापाने घातलं, आज्याने घातलं. तलवार नाही म्हणून म्यान उपाशी ठेवायचं का?"

"आणि ते कधी काढलं नाहीत?"

"देवाला वाहिलेलं परत कोण काढतं, बाई?"

मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गॅस बंद केला.

पिढ्यान्‌पिढ्या घातलेल्या अक्षता आणि पानं तळाशी जाऊन दगडासारखी बसली होती. वरच्या सुट्या दाण्यांना पात्याने रेटत रेटत खाली नेलं, आणि शेवटच्या दाबाला ते पातं आणि लाकूड यांच्यामध्ये पाचरीसारखे जाऊन बसले. टक् असा जो आवाज झाला तो आतली पट्टी तडकल्याचा होता. ओढावं तर म्यान फाटणार. पाणी घालून सैल करावं तर लोखंड गंजणार. म्यान कापावं तर ते म्यान राहणार नाही. पुढे वर्कशॉपमध्ये हेलनने हे सगळं आबांना नीट समजावून सांगितलं, तिचे तांत्रिक शब्द मी मराठीत केले, आणि आबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

तलवार म्युझियमच्या मालकीची. ती बाहेर जाऊ शकत नव्हती. म्यान आबांचं, पण ते तलवारीवरून निघत नव्हतं. तेव्हा आबांच्या सहीने म्यान म्युझियममध्ये राहिलं. तात्पुरतं, दुरुस्तीची सोय होईपर्यंत. मी परत एकदा सांगते, कुणी कपट केलं नाही. शिव्या द्यायला एक माणूस सापडला असता तरी मला बरं वाटलं असतं. मी माझंही काय चुकलं ते शोधून पाहिलं. तेही सापडलं नाही, आणि त्याचाच मला अजून त्रास होतो. ज्या गोष्टीत कुणाचंच चुकलेलं नसतं, तिची दाद कुठे मागायची?

पुढे जे झालं ते सगळीकडे होतं तसंच झालं. मार्टिनला स्कॉटलंडमध्ये मोठी जागा मिळाली, तो गेला. दालन नव्याने मांडायचं म्हणून बंद झालं. नाना, महादजी, टिपू, लाल डगलेवाले, सगळे पेट्यांत भरून लंडनबाहेरच्या गोदामात गेले, आणि त्यांच्याबरोबर धोपही. मला तळमजल्यावर चिनी मातीच्या भांड्यांवर नेमलं. आबांचा महिन्यातून एकदा फोन यायचा. "काही कळलं का, बाई?" मी विचारायचे, हेलन सांगायची, रांगेत आहे, आधी मोठी कामं आहेत. मी आबांना सांगायचे, रांगेत आहे. ते म्हणायचे, "बरं बरं."

नंतरच्या खंडेनवमीला सकाळी वैशालीचा फोन आला. "सुनंदा आंटी, तुम्ही येते का पिनरला? बाबा कालपासून काही खाल्लं नाही. आय डोण्ट नो व्हॉट टू डू."

मी रजा टाकून गेले. बैठकीच्या खोलीत टीव्ही बाजूला सरकवून जागा केली होती. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, तीही सरळ रेघांची, पुरुषाच्या हातची. हळदकुंकवाची कुयरी, निरांजन, झेंडूचा हार, एका वाटीत अक्षता. सगळं जिथल्या तिथे. पाटावर लाल कापड घडी मोडून पसरलेलं आणि त्यावर काही नव्हतं. आबा सोवळं नेसून समोर बसलेले, हातात एक फूल. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत होती.

मी खाली बसले. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"बाई," ते म्हणाले, "तलवार नव्हती तेव्हा म्यान होतं. आता मी हे फूल कुठे वाहू?"

देवावर, पाटावर, मनातल्या मनात, असं काहीही मी सांगू शकले असते आणि त्यांनी "बरं बरं" म्हटलंही असतं. मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. निरांजन विझलं तरी फूल त्यांच्या हातातच होतं. शेवटी वैशालीने ते हळूच काढून घेतलं आणि पाण्यात ठेवलं, तिला तेवढंच सुचलं. मला इतकं निराधार आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, माझे आईवडील गेले तेव्हासुद्धा नाही. आईवडिलांना मी काही आश्वासन दिलेलं नव्हतं.

आबा त्या हिवाळ्यात गेले. फ्युनरलला मी काही बोलावं असं वैशाली म्हणाली. बसगाड्यांबद्दल बोलले, म्यानाबद्दल नाही. पुढे म्युझियमने विचारलं तेव्हा तिने म्यान कायमचं देऊन टाकलं. मला सांगताना म्हणाली, "आंटी, माझ्या घरी लॉफ्टमध्येच पडला असता ना तो. देअर इट्स सेफ." तिला तरी काय म्हणणार?

दालन नव्याने उघडलं तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती. मी हट्टाने पुन्हा तिथली ड्युटी मागून घेतली. नाना आणि महादजी आता एकाच भिंतीवर आले होते. मधल्या कपाटात, खास दिव्याखाली, धोप. पाटी बदललेली: 'तलवार, म्यानासह, मराठा, अठराव्या शतकाची अखेर. पश्चिम घाटातल्या लढाईशी संबंध. म्यान: घराण्याकडून भेट.' लोक थांबायचे. दोन्ही गोष्टी एकत्र टिकून राहणं दुर्मीळ असतं, असं शिकलेले लोक एकमेकांना सांगायचे. पातं आता कुणालाच दिसत नव्हतं. कीड येऊ नये म्हणून आम्ही दालनात एक पान येऊ देत नव्हतो, आणि कपाटाच्या मध्यभागी एका घराण्याची सगळी खंडेनवमी आणि सगळा दसरा गच्च भरून ठेवला होता.

माझ्या नोकरीतल्या शेवटच्या खंडेनवमीला मी मुद्दाम रजा घेतली नाही. पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. नवरा, बायको, दोन मुलं, सुशिक्षित, चांगली माणसं. मुलगी काचेजवळ गेली, खांदा झुकला, मी दोन पावलं पुढे झाले. वडील माझं नाव छातीवर वाचून मराठीत म्हणाले, "वा, तुम्ही आपल्याच! काय जपून ठेवलंय हो या लोकांनी. म्यानासकट! आपल्याकडे असतं तर केव्हाच मोडीत गेलं असतं."

माझा हात रेडिओवर होता.

मुलीने विचारलं, "आत तलवार आहे का खरंच? की नुसतंच?"

"आहे," मी म्हटलं. "पण ती आता कुणालाच बाहेर काढता येत नाही."

"मग तर एकदम सेफ," वडील म्हणाले, आणि मुलांना घेऊन टिपूच्या कपाटाकडे वळले.